आधी पी कुठे आहे ते सांग

विद्यार्थी असताना मी ईसीजी चित्रं म्हणून पाठ केले होते. करवतीच्या दात्यांसारख्या लाटा दिसल्या की एट्रियल फ्लटर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वेगवान, नियमित लय), कुठल्याच दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसलं की एट्रियल फिब्रिलेशन (त्याच कप्प्यांची विस्कळीत थरथर), रुंद आणि भरभर म्हणजे व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान लय), नुसती थरथर म्हणजे व्हीएफ (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, खालच्या कप्प्यांची थरथर). परीक्षेत हे चालतं, कारण परीक्षेतली स्ट्रिप, म्हणजे ईसीजीची कागदी पट्टी, निवडून काढलेली असते. तिच्यात रेषा हलत नाही, इलेक्ट्रोड सुटलेला नसतो आणि उत्तर चार पर्यायांतलंच एक असतं. रेसिडेन्सी सुरू झाली तेव्हा कळलं की खरा रिदम, म्हणजे ठोक्यांची लय, असा समोर येत नाही. तो घामाने ओल्या झालेल्या छातीवरून येतो. पेशंट कण्हत असतो, बेसलाइन वर-खाली होत असते आणि शेजारी उभी असलेली सिस्टर विचारत असते, "डॉक्टर, कुठलं इंजेक्शन भरू?"

आमच्या युनिटच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक नियम घातला. स्ट्रिप हातात दिली की रिदमचं नाव घ्यायचं नाही. कोणी उत्साहाने "सर, एसव्हीटी" (खालच्या कप्प्यांच्या वरून उठणारी वेगवान लय) म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "नाव शेवटी. आधी पी कुठे आहे ते सांग."

पी म्हणजे अलिंदांची, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, छोटी लाट. क्यूआरएस म्हणजे निलयांची, खालच्या कप्प्यांची, मोठी टोकदार लाट. दर किती, ठोके नियमित आहेत का, क्यूआरएस अरुंद आहे की रुंद, पी दिसतो का आणि त्या पीचा क्यूआरएसशी काही संबंध आहे का, असा त्यांचा क्रम होता. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० सेकंदाचा. दोन आर लाटांमध्ये (आर म्हणजे क्यूआरएसचं उंच टोक) जितके मोठे चौकोन बसतात त्या आकड्याने ३०० ला भागलं की मिनिटाचा दर मिळतो. क्यूआरएस तीन लहान चौकोनांच्या आत असेल तर विद्युतलहर हिस बंडलमधून (निलयांकडे लहर नेणारा तंतूंचा जुडगा) नेहमीच्या वाटेने खाली आली. रुंद असेल तर कुठेतरी वाट बदलली आहे. एवढं सगळीकडे छापलेलं असतं. सरांचा भर शेवटच्या प्रश्नावर असायचा. अलिंदात काय चाललंय आणि निलयात काय चाललंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक रिदम या दोन उत्तरांच्या नात्यातूनच ओळखू येतात, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं.

त्यासाठी ते शिडीची आकृती काढायला लावायचे. ईसीजीखाली तीन आडवे पट्टे आखायचे. वर अलिंद, मध्ये एव्ही नोड (दोघांमधली लहर जरा थांबवून पुढे सोडणारी गाठ), खाली निलय. प्रत्येक पीची रेघ वरच्या पट्ट्यात, प्रत्येक क्यूआरएसची खालच्या पट्ट्यात, आणि दोघांना जोडणारी तिरकी रेघ मधल्या पट्ट्यात. ती जितकी जास्त कलती, तितका नोडमध्ये उशीर. रात्रीच्या ड्यूटीनंतर पेन्सिल-पट्टी घेऊन बसणं जिवावर यायचं, पण वेंकेबाखचा ब्लॉक मला तिथेच समजला. पीआर अंतर, म्हणजे पीपासून क्यूआरएसपर्यंतचा वेळ, दर ठोक्याला वाढत जातं, मात्र वाढ आधीपेक्षा थोडी थोडी कमी होत जाते, म्हणून आर-आर अंतर उलट आखडतं आणि मग एक ठोका गळतो. हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लिहून आले होते. ते तसंच का व्हायला हवं, हे तिरक्या रेघा काढल्यावर दिसलं.

वेंकेबाखने हे वर्णन केलं १८९९ मध्ये. ज्यातून ईसीजी आला ते आइन्थोव्हेनचं स्ट्रिंग गॅल्व्हनोमीटरवरचं काम १९०३ चं. तावाराने एव्ही नोड दाखवला १९०६ मध्ये, कीथ आणि फ्लॅक यांनी ठोका जिथून सुरू होतो तो साइनस नोड १९०७ मध्ये. म्हणजे ज्या गाठीत हा उशीर होतो ती गाठ माहीत नसताना, ईसीजी नसताना, या माणसाने केवळ नाडीच्या आलेखांवरून ठोक्यांचे गट ओळखले आणि त्यामागचा नियम मांडला. सरांनी हा इतिहास सांगितला तो आमच्याकडून नाडी पाहून घेण्यासाठी. तेव्हापासून मी स्ट्रिप हातात घेण्याआधी मनगटावर बोटं ठेवते. नियमित, गटागटाने येणारी, की कसलाच मेळ नसलेली, एवढं बोटांना कळतं. हात गार आहे का, घाम आहे का, माणूस मला उत्तर देतोय का, हेही त्याच वेळी कळतं. "पेशंट कसा आहे" हा प्रश्न सरांच्या यादीत नव्हता. तो यादीच्या आधीचा होता.

यादीची खरी गरज मला रुंद क्यूआरएसच्या टॅकिकार्डियात, म्हणजे वेगवान लयीत, कळली. त्यावर थोडं जास्त लिहिते, कारण शिकणाऱ्या प्रत्येकाचा पाय इथेच अडखळतो.

आयसीयूत एक काका होते. आधी मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेला, पंपिंग कमी झालेलं. रात्री मॉनिटर वाजला. दर १७० च्या आसपास, क्यूआरएस चांगले रुंद, अगदी नियमित. काका उशीला टेकून बसलेले, "छातीत धडधडतंय" म्हणून सांगताहेत, बीपी ११० वर. खोलीत लगेच चर्चा सुरू झाली. पेशंट बोलतोय, बीपी आहे, म्हणजे हे व्हीटी नसावं, बंडल ब्रँच ब्लॉकसह (हिसची एक फांदी अडल्यामुळे रुंद दिसणारी) एसव्हीटी असेल, असा एक सूर होता. हा समज खूप पसरलेला आहे आणि तितकाच घातक आहे. व्हीटी असलेला माणूस शुद्धीत असू शकतो, गप्पा मारू शकतो, त्याचं बीपी तासभर टिकू शकतं. ते दर किती आहे आणि स्नायूत किती ताकद उरली आहे यावर ठरतं. लहर कुठून उगम पावते, हे बीपी सांगत नाही. रुंद क्यूआरएसचा नियमित टॅकिकार्डिया समोर आला तर दहापैकी साधारण आठ वेळा तो व्हीटी असतो, आणि आधी अटॅक येऊन गेला असेल तर शक्यता याहून वाढते. एसव्हीटी समजून अशा वेळी शिरेतून व्हेरापामिल हे एसव्हीटीचं औषध दिलं तर बीपी कोसळून माणूस हातातून जाऊ शकतो.

आमची सीनियर आली. तिने वाद घातला नाही. बारा लीडचा ईसीजी काढायला लावला, लीड दोनची लांब स्ट्रिप घेतली आणि डिव्हायडर काढला. क्यूआरएसच्या गर्दीत एके ठिकाणी टी लाटेच्या (क्यूआरएसनंतर येणारी लाट) उतारावर एक बारीक उंचवटा होता. तसाच दुसरा थोडा पुढे. डिव्हायडरची टोकं त्या दोन उंचवट्यांवर ठेवून तिने तेच अंतर पुढे मोजत नेलं, आणि जिथे जिथे टोक पडलं तिथे कुठे क्यूआरएस आणि टीच्या मधल्या एसटी भागात, कुठे क्यूआरएसच्या कडेला खाच निघत गेली. पी आपल्या दराने चालले होते, क्यूआरएस त्यांच्या दुपटीहून जास्त वेगाने, आणि दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. मग तिने मला काकांच्या मानेकडे पाहायला सांगितलं. मानेच्या शिरेत मधूनच एक मोठा धक्का उठत होता, पुन्हा काही ठोके नाही, पुन्हा एक. ट्रायकस्पिड झडप बंद असताना अलिंद आकुंचन पावलं की रक्त मागे मानेत फेकलं जातं. या कॅनन ए लाटा. जे डिव्हायडर कागदावर सांगत होता, तेच मान सांगत होती. पी सापडला होता. नाव घेण्याचा अधिकार आता मिळाला होता.

अमिओडारोन हे लय आवरणारं औषध १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत द्यायला सुरुवात केली. ते संपता संपता काकांचं बोलणं तुटक होऊ लागलं, बीपी ८० वर आलं. मग थांबायचं कारण नव्हतं. झोपेचं औषध, ऑक्सिजन, पॅड छातीवर, आणि शॉक आर लाटेशी जुळवून देणारं सिंक बटण. या बटणाबद्दल मला प्रत्येक ज्युनिअरला सांगावंसं वाटतं. सिंक दाबल्यावर स्क्रीनवर प्रत्येक आर लाटेवर खूण दिसली पाहिजे. ती टी लाटेवर पडत असेल तर लीड बदला. कारण टी लाटेच्या नाजूक काळात शॉक पडला तर व्हीटीचं व्हीएफ होऊ शकतं. शॉकचं बटण दाबून धरायचं, मशीन आर लाटेची वाट पाहून मगच शॉक सोडतं, आणि त्या अर्ध्या क्षणात "चाललं नाही" समजून बोट उचलायचं नाही. दुसरा शॉक द्यायची वेळ आली तर सिंक पुन्हा लावायचं, कारण बऱ्याच मशीनमध्ये पहिल्या शॉकनंतर ते आपोआप निघतं. व्हीएफ असेल तर मात्र सिंक नको. तिथे आर लाटच नसते, मशीन तिची वाट पाहत बसेल आणि शॉक सुटणार नाही.

काकांना एका शॉकमध्ये साइनस रिदम, म्हणजे नेहमीची लय, आला. पुढे त्यांना आयसीडी, म्हणजे घातक लय ओळखून आतूनच शॉक देणारं यंत्र, बसवलं. पहिलं आयसीडी माणसाच्या शरीरात १९८० मध्ये बसवलं गेलं, मिरोव्स्कीच्या पाठपुराव्यामुळे. त्याआधी अशा माणसाला पुढचा व्हीटी रुग्णालयाबाहेर आला तर तो वाचणं जवळजवळ नशिबावर होतं. व्हीएफमध्ये पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत, तर मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हा आकडा मला पाठ आहे, आणि कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मी तो पहिला सांगते.

एसव्हीटी शिकणं त्यामानाने आनंदाचं होतं. पेशंट धडधडत येतो आणि बहुतेक वेळा तासाभरात हसत जातो. आम्हाला आधी मानेला मसाज किंवा नुसतं "जोर करा" सांगणं शिकवलं होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट चाचणीने त्यात एक साधी सुधारणा दाखवली. अर्धवट बसलेल्या स्थितीत पंधरा सेकंद जोर करायला लावायचा, आणि लगेच आडवं करून पाय ४५ अंशांत उचलून पंधरा सेकंद धरायचे. नुसत्या जोराने १७ टक्के लोकांचा रिदम सुटून नेहमीचा झाला, पाय उचलल्यावर ४३ टक्क्यांचा. ना औषध, ना सुई. दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं फुंकायला सांगितलं की जोर बरोबर लागतो.

त्यानेही सुटला नाही तर अडेनोसिन, म्हणजे नोडला काही क्षण अडवणारं औषध. सहा मिलिग्रॅम, लागलं तर बारा. रक्तात ते काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपराच्या मोठ्या शिरेतून झपकन द्यायचं, पाठोपाठ वीस मिलिलिटर सलाइन, हात वर. हातावरच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर ते हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच संपतं आणि मग "अडेनोसिनने काही झालं नाही" अशी नोंद होते. ईसीजी चालू ठेवायचाच. रिदम सुटला नाही तरी नोड काही क्षण अडला की मागे दडलेल्या फ्लटरच्या लाटा उघड्या पडतात. १५० चा अगदी ठाम दर दिसला की माझं लक्ष तिकडेच जातं. फ्लटरमध्ये अलिंद साधारण ३०० ने फिरतं आणि त्यातला एक सोडून एक ठोका खाली उतरतो.

पण औषध देण्याआधी पेशंटशी बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अडेनोसिन गेल्यावर छाती आवळते, चेहरा तापतो आणि माणसाला खरोखर वाटतं की आपण चाललो. स्क्रीनवर रेषा दोन-तीन सेकंद सपाट होते आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास अडकतो. ज्याला आधी कोणी सांगितलेलं नसतं, त्याच्या मनात ती भीती पुढे वर्षानुवर्षं राहते आणि पुढच्या वेळी तो रुग्णालयात यायचं टाळतो. मी हात धरून सांगते, "ताई, आता पाच-दहा सेकंद खूप विचित्र वाटेल. छाती दाबल्यासारखी होईल. ते औषधामुळे आहे, आपोआप जाईल, मी इथेच आहे." याला अर्धं मिनिट लागतं. दमेकऱ्याला मात्र हे औषध देताना विचार करावा लागतो. आणि रुंद, अनियमित, अतिवेगवान टॅकिकार्डिया दिसला, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू (अलिंद आणि निलय यांना नोडशिवाय जोडणारी जन्मजात जास्तीची वाट) असलेल्याला एट्रियल फिब्रिलेशन झालेलं असू शकतं असं वाटलं, तर नोडला अडवणारं कुठलंच औषध द्यायचं नाही. नोड अडला तर सगळी वाहतूक त्या जास्तीच्या वाटेने निलयात उतरते.

असंच एकदा रात्री काहीही सुचेनासं करणारी स्ट्रिप आली होती. दर ३० च्या आसपास, क्यूआरएस प्रचंड रुंद, पी शोधून सापडेना. तात्पुरता पेसमेकर टाकायची तयारी सुरू झाली. डायलिसिसला येणारे गृहस्थ होते, एक सत्र चुकलेलं, म्हणजे रक्तात पोटॅशियम साचलेलं असू शकतं. आयसीयूतल्या जुन्या सिस्टरने रिपोर्टची वाट न पाहता कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवलं आणि फक्त म्हणाली, "मॅडम, पोटॅशियम?" कॅल्शियम गेलं आणि काही मिनिटांत डोळ्यांदेखत क्यूआरएस अरुंद होत गेले, पी परत आले. कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही, ते फक्त हृदयाच्या पेशींना सावरून धरतं. पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन-ग्लुकोज आणि डायलिसिस लागलंच. पी सापडत नसेल तर तो का सापडत नाही हाही प्रश्न असतो, हे मी त्या रात्री शिकले, आणि शिकवणारी ती सिस्टर होती.

एवढं शिकल्यावर एक विश्वास येतो, की रिदम ओळखला, औषध माहीत आहे, आता तो दुरुस्त करायचा. माझा हा विश्वास एका शोधनिबंधाने मोडला, आणि तो मोडला ते फार बरं झालं. हार्ट अटॅकनंतरच्या पेशंटला मॉनिटरवर मधूनच व्हीपीसी दिसतात, निलयातून उठणारे जास्तीचे ठोके. ज्यांना हे जास्त येतात त्यांच्यात अचानक मृत्यूही जास्त होतात, हे माहीत होतं. मग औषधाने ठोके दाबले तर मृत्यू टळतील, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं आणि वर्षानुवर्षं तशी औषधं दिली जात होती. कास्ट नावाच्या चाचणीने हे तपासलं. ज्यांचे ठोके औषधाने दबतात असेच पेशंट निवडले, निम्म्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत: औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. कागदावरचे ठोके नाहीसे झाले होते आणि माणसं जास्त मेली होती.

मी हा निबंध ड्यूटीरूममध्ये वाचला आणि बराच वेळ बाहेर गेले नाही. ती औषधं देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांचा तर्क सरळ होता, आणि प्रत्येक पेशंटच्या स्ट्रिपवर तो खराही ठरत होता. प्रत्यक्ष मोजून पाहेपर्यंत कोणालाच कळलं नसतं. त्यानंतर रात्री "व्हीपीसी येताहेत" असा फोन आला की मी उठून जाते, पोटॅशियम-मॅग्नेशियम पाहते, छातीत दुखतंय का विचारते, बीटा ब्लॉकर चालू आहे ना ते पाहते, क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा वेळ) मोजते, चालू औषधांपैकी कुठलं क्यूटी लांबवतंय का ते पाहते. ठोके फक्त दिसतात म्हणून ते दाबणारं अँटिअ‍ॅरिदमिक औषध सुरू करत नाही. हे न करणं ज्युनिअरला शिकवणं सगळ्यात अवघड जातं, कारण न केलेल्या गोष्टीचं कौतुक राउंडवर होत नाही.

इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे हृदयातली विद्युतक्रिया आतून तपासणाऱ्या, लॅबमध्ये पोस्टिंग मिळालं तेव्हा शिडीची आकृती जिवंत झाली. मांडीच्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयात जातात, एक उजव्या अलिंदात, एक हिसजवळ, एक उजव्या निलयात, एक कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेत. स्क्रीनवर अलिंदाचा ठसा, निलयाचा ठसा आणि त्या दोघांमध्ये एक छोटासा टोकदार कोंब दिसतो. तो हिसचा. बाहेरच्या ईसीजीवर पीआर म्हणून आपण जो एक तुकडा मोजतो, तो इथे दोन भागांत फुटतो, नोडमधला वेळ आणि हिसच्या खालचा वेळ. हिसचा हा ठसा कॅथेटरने नोंदवायची पद्धत १९६९ मध्ये शेर्लागने मांडली. ब्लॉक नोडमध्ये आहे की हिसच्या खाली, यावर पेसमेकर लागणार की नाही हे पुष्कळदा ठरतं, आणि तो फरक मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

तिथे एक ताई आल्या होत्या. बरीच वर्षं त्यांना अचानक धडधड सुरू व्हायची आणि तशीच अचानक थांबायची, मानेत ठोके उडायचे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. एका ठिकाणी त्यांना चिंतेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, घरच्यांनीही "मनावर घेतेस" म्हणून सोडून दिलं होतं. बाईमाणूस धडधडीची तक्रार घेऊन आली की हे फार सहज घडतं, आणि मला याचा राग येतो. अचानक सुरू, अचानक बंद आणि मानेत ठोके, एवढं तीन वाक्यांतलं वर्णन कोणी नीट ऐकलं असतं तरी एव्हीएनआरटीचा, म्हणजे एव्ही नोडजवळच लहर गोल फिरत राहणाऱ्या एसव्हीटीचा, संशय यायला हवा होता. या प्रकारात अलिंद आणि निलय जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात, म्हणून पी क्यूआरएसमध्ये लपतो आणि मान उडते.

तपासणीत अलिंदाला ठरावीक अंतराने ठोके दिले आणि शेवटचा जास्तीचा ठोका दर वेळी दहा मिलिसेकंदांनी अलीकडे आणत नेला. नोडमधला वेळ थोडा थोडा वाढत होता. मग एका टप्प्यावर तो एकदम उडी मारून पन्नासाहून जास्त मिलिसेकंदांनी वाढला. नोडची जलद वाट दमली होती आणि लहर सावकाश वाटेने खाली गेली. ती खाली पोहोचेपर्यंत जलद वाट पुन्हा तयार झाली होती, लहर तिच्यातून वर परतली आणि चक्र सुरू झालं. दर १८०. टेबलावरून ताईंचा आवाज आला, "हेच! मला हेच होतं!" त्या आवाजात भीती नव्हती. आपल्याला काय होतं ते अखेर इतरांनाही दिसतंय याची सुटका होती. सरांनी मान वर न करता सांगितलं, "ताई, तुमचं बरोबर होतं."

मग सावकाश वाटेवर रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उष्णतेने ती वाट जाळणं. कॉखच्या त्रिकोणात, म्हणजे उजव्या अलिंदातल्या नोडजवळच्या भागात, हिसपासून खाली राहून कॅथेटर टेकवायचा. ऊर्जा सोडली की नोडजवळून भरभर जंक्शनल (तिथूनच उठणारे) ठोके येतात, जागा बरोबर असल्याची ती खूण. माझं काम होतं प्रत्येक जंक्शनल ठोक्यानंतर अलिंदाचा ठसा उलट वर पोहोचतोय का ते पाहायचं आणि एक जरी गळला तरी "बंद" म्हणायचं, कारण जलद वाटेला इजा झाली तर कायमचा ब्लॉक आणि आयुष्यभराचा पेसमेकर. ही शक्यता शंभरात एकापर्यंतची आहे, आणि ती टाळणं त्या काही सेकंदांत स्क्रीनवरच्या डोळ्यांवर असतं. पी कुठे आहे, हा प्रश्न इतक्या निकडीने मी पुन्हा कधी विचारला नाही. पुन्हा तेच ठोके देऊन पाहिले, चक्र सुरू झालं नाही.

आता बाह्यरुग्ण विभागात वेगळेच पेशंट येतात. पूर्वी धडधड थांबल्यावर नॉर्मल ईसीजी घेऊन यायचे, आता मनगटावरच्या घड्याळाची नोंद घेऊन येतात. ताईंसारख्यांसाठी हे वरदान आहे. झटका चालू असतानाची एका लीडची नोंद मिळाली तरी निदान कितीतरी जवळ येतं, आणि मी स्वतःहून सांगते की झटका आला की आधी नोंद घ्या. पण तक्रार काहीच नसताना घड्याळाने "फिब्रिलेशन" म्हटलं म्हणून घाबरून आलेलेही असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपलच्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांपैकी ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीची सूचना आली. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवरचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यात फिब्रिलेशन ३४ टक्क्यांना दिसलं. म्हणून मी आधी नोंद स्वतः वाचते. पी आहे का, अंतरं खरंच विस्कळीत आहेत का, की अलिंदातून उठणारे जास्तीचे ठोकेच यंत्राला तसे भासले.

खरं फिब्रिलेशन निघालं आणि ते अल्पकाळच टिकणारं असलं, तर रक्त पातळ करणारी गोळी द्यायची का, याला सरसकट उत्तर नाही. शरीरात बसवलेल्या यंत्रांना सहा मिनिटांपासून चोवीस तासांपर्यंतचं फिब्रिलेशन सापडलेल्यांवर २०२३ मध्ये आर्टेसिया चाचणी आली. अ‍ॅपिक्सॅबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने स्ट्रोक आणि इतरत्र गुठळी अडकण्याचं वार्षिक प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या १.२४ टक्क्यांवरून ०.७८ वर आलं, पण मोठा रक्तस्राव वाढला. वय, बीपी, मधुमेह, आधीचा स्ट्रोक, पडण्याचा धोका, हे सगळं समोर मांडून मी पेशंटला विचारते, तुम्हाला यातला कुठला धोका कमी झालेला हवा आहे. कोणी लगेच सांगतं. कोणी म्हणतं, "डॉक्टर, तुम्हीच ठरवा." तेव्हा मी घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगते, आणि जाण्याआधी त्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजते.